बुधवारातून नदीपार

'पूल' हा शब्द आपल्या मराठीत फारसीतून आला आणि इतका मुरला की त्याचे परकेपण आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. संस्कृताने दिलेला 'सेतू' आपण रामेश्वराच्या सेतूसाठी, काव्यासाठी आणि मंगलप्रसंगीच्या भाषणांसाठी राखून ठेवला. कोकणातील ओढ्यावर दोन माडांची खोडे टाकून केलेल्या वाटेला 'साकव' म्हटले, आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'संक्रम' आहे हे विसरून गेलो. परंतु ज्याच्यावरून हत्ती, तोफा, गाड्या आणि माणसे जावयाची, ज्याचा खर्च सरकारदफ्तरी पडावयाचा आणि ज्याच्या टोकाशी जकातीचा नाका बसावयाचा, त्या भक्कम आणि व्यावहारिक वस्तूला मात्र आपण फारसी नाव दिले. या शब्दभेदात इतिहास आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. पुणे शहराच्या मुठेवरील पुलांचा विचार करू लागलो म्हणजे तर ही भावना अधिकच दृढ होते. कारण या शहरात पूल कोणी बांधला हे कोनशिला एक सांगते आणि लोकांची जीभ दुसरेच काही सांगते, आणि मला स्वतःला जिभेची साक्ष अधिक विश्वासार्ह वाटते.

हा विचार बुधवार पेठेत उभे राहून करावा, हे प्रथमदर्शनी विचित्र दिसेल. बुधवाराला नदीकाठ नाही. कसब्याला आहे, शनिवाराला आहे, नारायण पेठेला आहे. बुधवार मात्र शहराच्या पोटात, चहूबाजूंनी इतर पेठांनी वेढलेला. परंतु शहराच्या मध्यभागाला नदीशी जो संबंध असतो तो काठावरच्या वस्तीपेक्षा वेगळा आणि एका अर्थी अधिक गंभीर असतो. काठावरचा मनुष्य नदीत स्नान करतो, धुणे धुतो, पुराला भितो. मध्यभागातला व्यापारी मात्र नदीकडे एकाच दृष्टीने पाहतो, आणि ती म्हणजे पलीकडचा माल अलीकडे येणार की नाही. तुळशीबागेतील तांब्यापितळेची भांडी, अप्पा बळवंत चौकातील पुस्तके, जोगेश्वरीच्या आसपासची दुकाने, ही सारी गिऱ्हाइकाच्या पायावर जगणारी. आणि ते पाय आज मोठ्या संख्येने नदीपलीकडून येतात.

पेठेचे वय तीनशे वर्षांच्या घरातले. औरंगजेबाच्या अमदानीत ती मुहियाबाद या नावाने वसली. त्या बादशहाने १७०३ सालचा पावसाळा पुण्याच्या मुक्कामात काढला होता. पुढे पेशवाईत वारांच्या नावांनी पेठांची मांडणी झाली तेव्हा मुहियाबादाचे बुधवार झाले, आणि जुने नाव कागदोपत्री राहिले. नावांच्या या पहिल्या बदलाची वाचकाने नोंद घ्यावी, कारण पुढे पुलांच्या बाबतीत हेच पुन्हा पुन्हा घडणार आहे.

जुन्या पुण्याची भूमिरचना पाहिली तर ते जवळजवळ एक बेटच होते. उत्तरेस मुठा, पूर्वेस नागझरी, पश्चिमेस पर्वतीकडून येणारा आंबील ओढा, आणि या तीन प्रवाहांच्या कुशीत कसबा. नदी ही त्या वस्तीची तटबंदी होती आणि तटबंदीला कोणी हौसेने दार पाडीत नाही. शिवाय दख्खनच्या नद्यांचा स्वभावच असा की वर्षातले सात-आठ महिने त्यांना पुलाची गरज भासत नाही. मार्गशीर्षानंतर मुठेचे पात्र खडकाखडकांतून वाहणाऱ्या दोन-चार धारांपुरते उरे. बैलगाड्या उतारावरून सरळ पलीकडे जात, बायका गुडघाभर पाण्यातून डोक्यावर भारे घेऊन येत. आषाढ-श्रावणात मात्र सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी एकदम खाली येई आणि तीच नदी दोन प्रहरांत अनोळखी होऊन जाई. तेव्हा पलीकडच्याने पलीकडे राहावे, अलीकडच्याने अलीकडे, असा तो सृष्टिक्रम. आणि कुंभारवेशीच्या उतारावर पाणी ओसरण्याची वाट पाहत बसणे ही गोष्ट शहराच्या पंचांगात धरलेली होती.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात या भूमिरचनेत पहिला मोठा हस्तक्षेप झाला. शहर पश्चिमेकडे वाढू पाहत होते आणि आंबील ओढा मध्ये आडवा येत होता; तेव्हा ओढ्याचा प्रवाहच वळवून दूर पश्चिमेकडे नेण्यात आला आणि त्याच्या जुन्या पात्रावर वस्ती उभी राहिली. ओढ्यावर पूल बांधण्याऐवजी ओढाच उचलून बाजूला ठेवावा, ही कल्पना साहसाची खरीच. त्याच पेशव्याने कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणविले हे ध्यानात घेतले म्हणजे पाण्याला हुकूम देण्याची त्या दरबाराची उमेद कळून येते. पूर्वेकडच्या नागझरीवर मात्र लहानमोठे पूल झाले आणि त्यांपैकी दारूवाला पूल हे नाव आजही त्या भागाच्या पत्त्यात आहे, जरी त्यावरून जाणाऱ्या बहुतेकांना आपण ओढा ओलांडीत आहोत याची जाणीवही होत नाही.

मुठेवरचा पहिला ख्यातनाम पूल झाला तो मात्र उमेदीच्या नव्हे, शोकाच्या वर्षी. १७६१ च्या १४ जानेवारीस पानिपत झाले. २३ जूनला नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. आणि त्याच वर्षाशी लाकडी पुलाची उभारणी परंपरेने जोडलेली आहे. पुण्यातील जुनी माणसे ही कथा अशी सांगत की पानिपताहून परतलेल्या शिपायांना भर शहरातून, दिवसाढवळ्या, ओळखीच्या नजरांसमोरून घरी जाण्याची लाज वाटू लागली, म्हणून त्यांना आडबाजूने, नारायण पेठेच्या टोकाकडून गावात येता यावे यासाठी घाईने लाकडाचा पूल बांधविण्यात आला. ही कथा दफ्तराच्या कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तिच्यात एका शहराने आपल्या दुःखाला दिलेले रूप आहे, आणि मी ते क्षुल्लक मानीत नाही. विजयाचे दरवाजे बांधणारी शहरे पुष्कळ. पराभूतांना मान खाली घालून का होईना, पण घरी येता यावे म्हणून वाट बांधल्याची आठवण जपणारे शहर माझ्या माहितीत हे एकच. बुधवारातही त्या दुःखाचा वाटा आहे. ज्या अप्पा बळवंत चौकात आज विद्यार्थ्यांची झुंबड असते तो ज्यांच्या नावाचा, त्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचे वडील बळवंतराव पानिपतावरच, मुख्य युद्धाच्या महिनाभर आधीच्या चकमकीत पडले होते.

लाकूडच का, याचे उत्तर केवळ घाईत नाही. दगडी कमान बांधावयाची तर आधी पात्रात पाया खणावा लागतो, पायासाठी नदी कोरडी असावी लागते, कमान तोलून धरण्यासाठी तात्पुरता लाकडी सांगाडा उभारावा लागतो, आणि चुना पुरता धरेपर्यंत तो सांगाडा जागचा हलविता येत नाही. म्हणजे एका उन्हाळ्यात फारतर थोडा भाग पुरा व्हावयाचा आणि पुढच्या पावसाळ्याने त्याची परीक्षा घ्यावयाची. लाकडाचे काम याच्या उलट. खांब रोवावे, त्यांवर आडव्या तुळया टाकाव्या, तुळयांवर फळ्या. पंधरवड्यात माणसे पलीकडे. परंतु तुळईचा धर्म वाकण्याचा आहे. ओझे आले की तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि जिथे लाकूड एकदा भिजते व एकदा वाळते त्या पाण्याच्या रेषेवरच ते प्रथम कुजते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजी अमलात त्या जागी दगडी पूल झाला. लाकूड गेले त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली, पुढे त्या पुलास संभाजी पूल असे नाव मिळाले, तरीही आजचा पुणेकर लाकडी पूलच म्हणतो. आषाढी वारीच्या पालख्या खंडोजीबाबा चौकाकडून शहरात येतात त्या लाकडी पुलावरूनच, आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक टिळक चौकातून ज्या दिशेने नदीला मिळते ती दिशाही लाकडी पुलाचीच.

इंग्रजांनी पुण्याकडे पाहिले ते दुसऱ्या टोकाने. त्यांची रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर होती; १८१७ च्या ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली त्या दिवशी रेसिडेंट एल्फिन्स्टन संगम सोडून नदी उतरून खडकीच्या फौजेला जाऊन मिळाला, आणि बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण लागले. नदीचा उतार ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात शहर, हा धडा नव्या राज्यकर्त्यांनी त्या पंधरवड्यात घेतला असावा. कारण लाकडी पुलाची पुनर्बांधणी सोडली तर पुढच्या साठ वर्षांत त्यांनी जे पूल बांधले त्यांची तोंडे पेठांकडे नाहीत, छावणीकडे आहेत. संगमाजवळ वेलस्लीच्या नावाचा पूल आधी लाकडाचा आणि मग १८७५ साली दगडाचा झाला, तो खडकी आणि पुणे लष्कर जोडण्यासाठी. त्याच्या खाली, जेथे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५० साली नदीला बंधारा पडला होता, तेथे कॅप्टन रॉबर्ट सेलन या इंजिनियराच्या आराखड्याप्रमाणे १८६७ साली फिट्झजेराल्ड पुलाचे काम सुरू झाले, आणि त्याच्या दोन्ही टोकांना दगडी सिंह बसविले गेले. रुंद, डौलदार, एका ओळीत धावत जाणाऱ्या कमानींचा तो पूल आजही डोळ्यांना तृप्त करतो. परंतु तो येरवड्याला जातो. बुधवारातल्या दुकानदाराच्या जन्मात तेथे जाण्याचे कारण क्वचितच पडे.

गव्हर्नर फिट्झजेराल्डसाहेबांचे नाव त्या पुलालाही चिकटले नाही, हे येथेच सांगून ठेवतो. लोक त्याला बंडगार्डनचा पूल म्हणू लागले. फारसीतला 'बंद', म्हणजे आपला बंधारा, इंग्रजांनी उचलून 'बंड' केला, त्याच्याशेजारी बाग केली, आणि तो शब्द इंग्रजी वेष घेऊन पुन्हा मराठीत परत आला. वेलस्लीचा पूल संगम पूल झाला. ज्या जागी दोन नद्या मिळतात तेथे एका सेनापतीचे नाव टिकावे अशी अपेक्षा करणेच मुळी धाडसाचे होते.

शहराचे मध्यस्थान मात्र इतका काळ कुंभारवेशीच्या बंधाऱ्यावर भागवीत होते. पात्रात घातलेला दगडी बांध, त्याच्या माथ्यावरून रस्ता. पाणी कमी असले की गाडी जावी, पूर आला की बांध पाण्याखाली. यापेक्षा अधिक काही त्या टोकाला नव्हते, आणि फार काळ त्याची निकडही नव्हती, कारण पलीकडे होते काय? भांबुर्डे. रोकडोबाचे देऊळ, नदीकाठी वृद्धेश्वर आणि सिद्धेश्वर, थोडे आत पाताळेश्वराचे लेणे, आणि शेते. एवढ्यासाठी कमानी कोण बांधतो?

विसाव्या शतकाच्या तोंडाशी हे चित्र पालटले, आणि ते पालटण्यास जी कारणे झाली त्यांत प्लेग हे एक प्रमुख आहे असे माझे मत आहे. १८९७ साली साथीने पेठा ओस पाडल्या तेव्हा दाट वाड्यांत राहणाऱ्या लोकांना प्रथमच मोकळ्या माळावर झोपड्या घालून राहावे लागले. साथ ओसरली तरी मोकळ्या हवेची सवय आणि दाट वस्तीचे भय ही दोन्ही मागे राहिली. फर्ग्युसन महाविद्यालय पलीकडच्या माळावर त्याआधीच गेले होते. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला, शेतकी महाविद्यालय झाले, १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. शहराचा बुद्धिजीवी वर्ग आपली पुस्तके घेऊन नदीपार निघाला होता, आणि त्याच्या पाठोपाठ आज ना उद्या घरे जाणार हे स्पष्ट होते. बाजारही हलला होता. भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे; १८८६ साली नगरपालिकेने शुक्रवारात मंडईची इमारत उभारली तेव्हापासून नदीपलीकडून येणाऱ्या माळव्याच्या गाडीला कसबा ओलांडून, बुधवार चौकातून, थेट शहराच्या नाभीपर्यंत यावे लागू लागले. रस्ता तयार होता, गाड्या तयार होत्या. मध्ये पात्रातला एक बांध तेवढा पावसाळ्यात बुडत होता.

या ठिकाणी, शनिवारवाड्याच्या वायव्येस, १९२० ते १९२३ या काळात जो दगडी पूल उभा राहिला तोच आपला नवा पूल. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या नावाने तो लॉईड पूल म्हणून सप्टेंबर १९२३ मध्ये खुला झाला. बांधकामाचे कंत्राट गणपतराव केंजळे यांचे. बुधवार पेठेच्या दृष्टीने पाहिले तर मुठेवर झालेला हा पहिला खराखुरा 'आपला' पूल होय, कारण याचे एक टोक भांबुर्ड्यात असले तरी दुसऱ्या टोकावरून निघालेला रस्ता शनिवारवाडा आणि लाल महाल यांच्या शेजारून फरासखान्यापाशी बुधवारात शिरतो.

या पुलाच्या रचनेविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची माझी इच्छा आहे, कारण आपण पुलावरून जातो आणि पूल म्हणजे रस्त्याचाच एक तुकडा असे मानून पुढे निघतो. पूल पाहावयाचा तर खाली घाटावर उतरून, पाण्याच्या पातळीवरून, कमानींच्या पोटाकडे पाहिले पाहिजे. ओंकारेश्वराच्या बाजूने खाली जावे. समोर काळ्या पाषाणाच्या कमानींची रांग एकीच्या पाठीमागे एक अशी पात्र ओलांडीत जाते. दगड ताण सहन करीत नाही, दाब मात्र वाटेल तितका सहन करतो. म्हणून दगडाने नदी ओलांडावयाची तर असे काही योजावे लागते की ओझे कोठूनही येवो, प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर केवळ दाबला जावा. कमान हे त्या युक्तीचे नाव आहे. तिच्या माथ्यावरची गाडी माथ्यावरच्या पाचरीसारख्या दगडाला खाली ढकलते, तो दगड दोन्ही बाजूंच्या दगडांना ढकलतो, असे करीत ते ओझे कमानीच्या दोन्ही पायांशी उतरते आणि तेथे ते नुसते खालीच नव्हे, बाहेरच्या बाजूसही रेटू लागते. एका कमानीचा रेटा शेजारच्या कमानीच्या उलट्या रेट्याने तोलला जातो, म्हणून मधले खांब पातळ असले तरी चालते. परंतु रांगेच्या शेवटी, काठाला, तो रेटा झेलण्यास कोणी शेजारी उरत नाही, आणि तेथेच भरभक्कम बांधकाम लागते. यातच कमानीच्या पुलाचा धोकाही आहे: एक कमान ढासळली तर शेजारच्या खांबाचा तोल जाऊन सारी रांग पत्त्यांसारखी कोसळावी.

मुठेवर दगडी कमान बांधणाऱ्याला एक मोठे वरदान आहे, आणि ते म्हणजे पात्रातला खडक. गंगेच्या काठी पूल बांधणाऱ्याला वाळूत खोल विहिरी उतरवाव्या लागतात. येथे सह्याद्रीचा काळा कातळ पात्रात जागोजाग उघडाच पडलेला असतो, आणि तोच फोडून खांबाला द्यावा, त्याच्यावरच खांब ठेवावा, अशी सोय. पुलाचा दगड आणि पुलाखालचा दगड एकाच जातीचा. कदाचित म्हणूनच या पुलाखाली उभे राहिले म्हणजे तो नदीवर लादलेला वाटत नाही, नदीच्या तळातूनच वर आल्यासारखा भासतो. परंतु वरदानाबरोबर कोडेही आहे. नदी उथळ आणि रुंद, पूर अल्पकाळाचा पण प्रचंड. एकच उत्तुंग कमान टाकावी तर रस्ता इतका उंच चढेल की गाडीचे बैल अर्ध्यातच थकतील. अनेक बसक्या कमानी टाकाव्या तर प्रत्येक खांब पाण्याची वाट अडविणार. म्हणून खांबांची प्रवाहाकडील बाजू टोकदार करावयाची, जेणेकरून पाणी आदळण्याऐवजी दुभागून जावे आणि वाहत आलेले झाड अडकून न राहता घसरून निघावे. पात्राच्या रुंदीतून खांबांची जाडी वजा जाता उरलेल्या जागेतून वर्षातल्या सर्वांत मोठ्या पुराला जाऊ द्यावयाचे, हा हिशेब पूल बांधणाऱ्याच्या साऱ्या हिशेबांत अवघड. कारण दगड किती भार सोसेल हे मोजता येते, नदी किती कोपेल ते कोणास सांगता येत नाही.

पूल झाला आणि बुधवाराचा कायापालट होऊ लागला. उत्तरेकडून येणारी वर्दळ पूर्वी शनिवारवाड्यापाशी थांबत असे. वाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून उभा, आणि त्यासमोर शहर संपल्यासारखे होई. आता वाड्याच्या बाजूने जाणारा रस्ता हमरस्ता झाला. भांबुर्ड्याचे शिवाजीनगर झाले, रस्त्यास शिवाजी रस्ता हे नाव पडले. महानगरपालिकेचे मुख्य कार्यालयही पुढे पुलाच्या पलीकडच्या टोकाशी गेले. शहराचा कारभार नदीपलीकडे आणि शहराचा बाजार नदीअलीकडे, अशी वाटणी झाली, आणि सकाळ-संध्याकाळ त्या दोहोंमध्ये येरझारा घालणाऱ्या माणसांचा लोंढा पुलावरून वाहू लागला. ज्या भिडेवाड्यात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली तो याच रस्त्यावर होता. त्या काळी पलीकडच्या मुलीला येथे यावयाचे तर पाण्याची पातळी विचारून यावे लागले असते.

१९६१ च्या १२ जुलैला, लाकडी पुलाच्या जन्मवर्षाला बरोबर दोनशे वर्षे होत असता, मुठेने आपला हिशेब मागितला. सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याच्या तलावात आला, आणि दुपारी खडकवासल्याचे दगडी धरणही फुटले. पूर मग केवळ पावसाचा राहिला नाही. पाणी नव्या पुलाच्या कमानी भरून, कठडे ओलांडून, रस्त्यावरून वाहू लागले. लाकडी पूलही पाण्याखाली गेला. कसबा, शनिवार, नारायण या काठच्या पेठांतले वाडे मातीच्या ढेकळासारखे विरघळले. शहराचे दोन भाग झाले आणि एका भागातल्या माणसाला दुसऱ्या भागातले आपले माणूस जिवंत आहे की नाही हे कळण्याचा मार्ग उरला नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या बोलण्यात घरे गेल्याचे दुःख तर असतेच. परंतु पूल दिसेनासे झाले, हे सांगताना त्यांचा आवाज वेगळा होतो. पाणी उतरले तेव्हा नवा पूल जागच्या जागी होता. त्याच्या निव्वळ वजनाने त्याला वाचविले असावे असे मला वाटते. हलक्या बांधणीच्या पुलाला माथ्यावरून जाणारे पाणी उचलून नेते, भरीव दगडाच्या रांगेला ते इतक्या सहजी उचलता येत नाही. खडकवासला गेल्यामुळे नळ कोरडे पडले, आणि पेठांतील जुन्या विहिरी व हौद पुन्हा उपयोगी आले.

त्यानंतर मुठेवर पुष्कळ पूल झाले. काही उंच, काही इतके ठेंगणे की धरणातून पाणी सोडले की प्रथम ते बंद होतात, आणि एक तर असा वळणावळणाचा की लोकांनी त्याला इंग्रजी वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराचे नाव देऊन टाकले. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. काँक्रीटच्या या पुलांत सोय आहे आणि सोयीचे महत्त्व मी जाणतो, पण खाली उतरून वर पाहावे असे त्यांत फारसे नाही.

लॉईड पुलाचे छत्रपती शिवाजी पूल असे नामांतर झाले, आणि ते सर्वथा उचितच झाले. त्या राजाच्या बालपणाचा लाल महाल पुलापासून हाकेच्या अंतरावर असता तेथे एका गव्हर्नराचे नाव कशासाठी? परंतु लोकांच्या तोंडी जे नाव १९२३ मध्ये बसले ते आज शंभर वर्षे उलटूनही तसेच आहे. नवा पूल. कोणाच्या तुलनेने नवा? कुंभारवेशीच्या बुडणाऱ्या बांधाच्या आणि लाकडी पुलाच्या. म्हणजे हे विशेषण पुलाचे वय सांगत नाही. पावसाळ्यात दोन्ही काठांवर अडकून पडणाऱ्या माणसांना एके दिवशी कोरड्या पायांनी पलीकडे जाता आले, त्या दिवसाचा आनंद ते सांगते. 'लाकडी'मध्ये १७६१ चे शोकग्रस्त, घाईत असलेले पुणे आहे आणि 'नवा'मध्ये १९२३ चे हात-पाय पसरू पाहणारे. ताम्रपटावर ही दोन विशेषणे कोणी कोरली नाहीत. दूधवाल्यांनी, टांगेवाल्यांनी, मंडईत माल आणणाऱ्यांनी, शाळेत जाणाऱ्या मुलांनी ती रोज उच्चारून टिकविली, आणि माझ्या मते पुण्याच्या इतिहासाची याहून प्रामाणिक नोंद दुसरी नाही.

अलीकडे, २०२४ च्या सप्टेंबरअखेर, बुधवाराला नदी ओलांडण्याची आणखी एक वाट मिळाली. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकातून निघालेली मेट्रो मुठेच्या तळाखालून, ज्या कातळावर नव्या पुलाचे खांब उभे आहेत त्याच कातळातून कोरलेल्या भुयाराने अलीकडे येते. आराखड्यात या बाजूच्या स्थानकाचे नाव बुधवार पेठ असे होते, पुढे ते कसबा पेठ झाले. मी त्या गाडीने प्रथम आलो तेव्हा नदी केव्हा लागते हे पाहावे म्हणून काचेला डोळे लावून बसलो होतो. बाहेर काळोख होता, मधूनमधून एखादा दिवा मागे जात होता, आणि नदी आली केव्हा व गेली केव्हा ते मला कळले नाही. शेजारच्या बाईंनी आपल्या नातवाला सांगितले, "आता आपण नव्या पुलाच्या खालून चाललोय." भुयार पुलाच्या नेमके खाली नाही, थोडे बाजूला आहे. पण त्या वाटेला लोकांनी स्वतःचे असे नाव अजून दिलेले नाही, तोवर ती पुलाच्या नावानेच ओळखली जाणार.